ठिपक्यांतून उठलेला चौकोन

एकच वस्तू दोन डोळ्यांना जराशी वेगवेगळी दिसते, हे युक्लिडपासून लिओनार्दोपर्यंत अनेकांना ठाऊक होतं. पण त्या फरकातूनच वस्तूचं पुढे-मागे असणं कळतं, हे १८३८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या चार्ल्स व्हीटस्टनने रॉयल सोसायटीपुढे मांडलं. त्याचा स्टिरिओस्कोप म्हणजे काटकोनात जोडलेले दोन आरसे. सांध्याशी नाक न्यायचं, की डाव्या डोळ्याला डावीकडचं चित्र दिसतं आणि उजव्याला उजवीकडचं. चित्रं त्याने मुद्दाम नुसत्या रेषांची काढली. छायाप्रकाशावरून खोलीचा अंदाज बांधायला डोळ्यांना वावच ठेवायचा नाही, ही खरी हुशारी. आणि तरीही त्या सपाट रेषांमधून भरीव ठोकळा उभा राहिला.

पुढच्याच वर्षी फोटोग्राफी जगापुढे आली आणि स्टिरिओस्कोप दिवाणखान्यात शिरला. ब्रूस्टरने त्याला आरशांऐवजी भिंगं बसवली, अमेरिकेत होम्सने हातात धरायचा नमुना केला आणि त्याचं पेटंटही घेतलं नाही. जेम्स रिकल्टनने टिपलेला हिंदुस्थानही १९०७ साली जोडफोटोंमधून परदेशी घरांत पोचला. हौस फार मोठी होती, पण मूळचा प्रश्न तसाच राहिला: मेंदू नेमकं जुळवतो काय? सर्वसाधारण समजूत अशी की प्रत्येक डोळा आधी झाड, घर, माणूस ओळखतो आणि मग दोन्हीकडची झाडं ताडून पाहिली जातात.

ही समजूत बेला यूलेश या हंगेरियन इंजिनिअरने मोडून काढली. १९५६ च्या उठावानंतर तो देश सोडून अमेरिकेत आला आणि बेल लॅब्जमध्ये रुजू झाला. विमानातून घेतलेले फोटो जोडीने पाहिले, की एरवी आसपासच्या रानात मिसळून गेलेली वस्तू वेगळी उठून दिसते, हे त्याला माहीत होतं. त्याने कॉम्प्युटरकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं एक पान भरून घेतलं. रांगोळीच्या ठिपक्यांना निदान ओळ असते, इथे तीही नव्हती. मग त्याच पानाची नक्कल घेऊन तिच्यातला मधला चौकोनी तुकडा काही ठिपके बाजूला सरकवला आणि पडलेली फट नव्या ठिपक्यांनी बुजवली. कुठलंही एक पान कितीही निरखलं तरी ठिपक्यांखेरीज काही दिसत नाही. दोन डोळ्यांना दोन पानं दाखवली, की थोड्या वेळाने चौकोन अधांतरी तरंगू लागतो. उजव्या डोळ्याच्या पानात तो डावीकडे सरकवलेला असेल तर पुढे येतो, उजवीकडे सरकवलेला असेल तर मागे जातो.

१९६० साली हे प्रसिद्ध झालं. ओळखण्याजोगं काहीच नसताना खोली दिसते, म्हणजे जुळवणी ओळखीच्या आधी होऊ शकते. दृष्टीच्या अभ्यासात इतका निखळ प्रयोग मला दुसरा माहीत नाही. आज डोळ्यांच्या दवाखान्यात असल्याच ठिपक्यांची पुस्तिका खास चष्मा लावून मुलांना दाखवतात. तिरळेपणामुळे दोन्ही डोळे एकत्र काम करत नसतील, तर मुलाला आत दडलेला आकार सापडत नाही.

यंत्राला पाहायला शिकवणाऱ्यांनी इथूनच धागा उचलला. अडचण अशी, की एका पानातल्या काळ्या ठिपक्याला दुसऱ्या पानात जोडीदार म्हणून खपतील असे ठिपके ढिगाने असतात. १९७६ मध्ये डेव्हिड मार आणि तोमासो पोज्जो यांनी दोन अटी घातल्या: एका ठिपक्याला जोडीदार एकच, आणि पृष्ठभाग सहसा सलग असतो. एवढ्यावर त्यांच्या गणिताने यूलेशचे चौकोन शोधून काढले.

पण समोर कोरी पांढरी भिंत आली तर दोन कॅमेऱ्यांनी जुळवायचं काय? त्यावरचा तोडगा म्हणजे ठिपके आपणच टाकायचे. २०१० साली आलेलं मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांचा सडा खोलीभर पसरत असे. त्याला दुसऱ्या कॅमेऱ्याची गरज नव्हती, कारण सड्याची मूळ नक्षी त्याच्याकडे आधीच होती. ठिपका किती सरकला, त्यावरून अंतर निघे. २०१७ च्या आयफोन टेनने हेच ठिपके, तीस हजारांहून अधिक, चेहऱ्यावर टाकले.

भर उन्हात किनेक्टचे ठिपके सूर्याच्या अवरक्त प्रकाशात बुडून जात. २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या प्रज्ञान रोव्हरने दोन कॅमेऱ्यांची जुनीच जोडी नेली होती. तिथे जुळवायला दगड आणि खळगे होते.