द्रुत भिंगे, छायाचित्रणातील

मंद प्रकाशात, कृत्रिम प्रकाशाचा झोत न टाकता, अल्प उद्भासनकालात छायाचित्र घेता यावे या हेतूने केंद्रांतराच्या मानाने मोठे छिद्र ठेवून बनविलेल्या भिंगांना द्रुत भिंगे म्हणतात. भिंग ‘द्रुत’ असते ते स्वतः वेगवान असल्यामुळे नव्हे, तर कॅमेऱ्याची झडप वेगाने मिटू देण्यामुळे. केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागले असता जो अंक मिळतो त्यास एफ-अंक म्हणतात. प्रतिमेची तेजस्विता या अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून एफ/४ ऐवजी एफ/२ छिद्र वापरल्यास फिल्मवर चौपट प्रकाश पडतो व पाव सेकंदाचे काम सोळाव्या भागात होते. हे गणित सोपे आहे. अडचण काचेची आहे. छिद्र मोठे केले की भिंगाच्या कडेकडचे किरण मध्यभागातील किरणांशी एकाच बिंदूत मिळेनासे होतात आणि प्रतिमा धूसर होते. द्रुत भिंगांचा इतिहास हा मुख्यतः या विपथनांशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे.

छायाचित्रणकलेच्या आरंभी, १८३९ मध्ये, दागेअरच्या कॅमेऱ्यासाठी शार्ल शेव्हाल्ये याने बनविलेले भिंग व्यवहारात सु. एफ/१५ इतक्याच छिद्राने वापरले जाई. उन्हातही काही मिनिटे उद्भासन द्यावे लागे. त्यामुळे इमारती व पुतळे उत्तम येत, माणसे येत नसत. व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सव्हाल (१८०७–९१) यांनी १८४० मध्ये गणिताने आखलेले व्यक्तिचित्रणाचे भिंग सु. एफ/३·६ होते, म्हणजे शेव्हाल्येच्या भिंगाच्या सोळा-सतरा पट तेजस्वी. आकडेमोडीसाठी त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील गणनकुशल सैनिक मिळाले होते. तोफगोळ्यांचे मार्ग काढणाऱ्यांनीच प्रकाशकिरणांचे मार्ग काढावेत, हा योगायोग लक्षणीय आहे. या भिंगामुळे व त्याच सुमारास सुधारलेल्या रासायनिक क्रियेमुळे उद्भासनकाल मिनिटाच्या आत आला आणि व्यक्तिचित्रण हा व्यवसाय झाला. भिंग बनविणारा कारखानदार फोइग्टलेंडर याच्याशी पेट्सव्हाल यांचे पुढे पैशावरून बिनसले. त्यांच्या संशोधनाची हस्तलिखिते १८५९ मध्ये घरफोडीत नाहीशी झाली आणि त्यांनी या विषयातून जवळजवळ अंगच काढून घेतले. मध्यभागी अतिशय रेखीव व कडेला वळणदार धूसर होत जाणारी त्यांच्या भिंगाची प्रतिमा हा त्या काळी दोष मानला गेला. अलीकडे काही छायाचित्रकार मुद्दाम त्यासाठीच हे भिंग शोधतात.

घरातील वा रात्रीचा प्रसंग टिपण्यासाठी यानंतर बराच काळ दुसराच मार्ग रूढ होता. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त भुकटीचा क्षणदीप प्रचारात आला. भडका, आवाज व पांढऱ्या धुराचा लोट यांसह होणारे हे छायाचित्रण समारंभात खपून जाई. परंतु न्यायालयात, संगीत सभेत किंवा राजकीय वाटाघाटींच्या मेजाशी ते अशक्यच होते. शिवाय समोरून पडणाऱ्या झोताने चेहरे सपाट व पांढरे येत, पार्श्वभूमी काळी पडे आणि माणसे दचकलेली दिसत. खोलीत जो प्रकाश होता तो चित्रात उरतच नसे. १९२९ नंतर मिळू लागलेल्या काचेच्या फ्लॅशदिव्यांनी धूर व आवाज गेला, पण बाकीचे दोष कायम राहिले.

खरे परिवर्तन १९२४ मध्ये ड्रेझ्डेन येथे घडले. एर्नेमान कारखान्यातील लूटव्हिख बेर्टेले (१९००–८५) या विशीतल्या अभिकल्पकाने ‘एर्नोस्टार’ हे एफ/२ छिद्राचे भिंग सिद्ध केले व ते ‘एर्मानॉक्स’ या लहान कॅमेऱ्यावर बसविण्यात आले. काचपट्टी ४·५ × ६ सेंमी. इतकीच होती, भिंगाचे केंद्रांतर १० सेंमी. व छिद्राचा व्यास त्याच्या निम्मा, म्हणजे ५ सेंमी. होता. समोरून पाहता कॅमेरा म्हणजे मागे डबी चिकटवलेले एक मोठे भिंगच वाटे. लवकरच एफ/१·८ चे रूप निघाले. वृत्तछायाचित्रणात तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या एफ/४·५ भिंगाच्या तुलनेत एफ/२ च्या एर्नोस्टारमधून पाचपट प्रकाश येत असे. डोळ्यांना दिसते ते या कॅमेऱ्याला टिपता येते, असा दावा उत्पादकांनी जाहिरातींत केला. तो काहीसा अतिशयोक्त होता, तरी नाटकाचा रंगमंच, दिव्यांनी उजळलेला रस्ता व सभागृह ही प्रथमच छायाचित्रकाराच्या आवाक्यात आली.

या भिंगाचे सामर्थ्य जगाला दाखविले ते एरिख झालोमोन (१८८६–१९४४) यांनी. कायद्याचे पदवीधर असलेल्या झालोमोन यांच्या कुटुंबाची संपत्ती पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनवाढीत बुडाली. बर्लिनच्या उल्श्टाइन प्रकाशनसंस्थेच्या जाहिरात विभागात काम करीत असताना चाळिशीनंतर त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९२८ मध्ये छायाचित्रणास मनाई असलेल्या न्यायालयात त्यांनी गोल टोपीत दडविलेल्या कॅमेऱ्याने खुनाच्या खटल्याची चित्रे घेतली. पुढे राष्ट्रसंघाच्या बैठका, मंत्र्यांची मेजवानी व परिषदांची लांबलेली रात्र हे त्यांचे क्षेत्र झाले. समारंभाचा पोशाख, अनेक भाषांवरील प्रभुत्व आणि निमंत्रिताचा आत्मविश्वास ही त्यांची साधने भिंगाइतकीच महत्त्वाची होती. १९३० च्या हेग परिषदेत मध्यरात्रीनंतर खुर्च्यांत पेंगुळलेले मंत्री त्यांनी टिपले. १९३१ मध्ये पॅरिसच्या परराष्ट्रमंत्रालयातील भोजनप्रसंगी फ्रान्सचे मुत्सद्दी आरिस्तीद ब्रियां त्यांच्याकडे बोट दाखवून हसत ‘हा पहा, सापडला’ अशा अर्थाचे उद्गारले. नेमका तोच क्षण त्यांच्या काचपट्टीवर उमटला.

या चित्रांमागील कष्ट बहुधा दुर्लक्षिले जातात. एफ/२ असूनही दिव्यांच्या प्रकाशात उद्भासन पुष्कळदा सेकंदाच्या मोठ्या अंशाइतके द्यावे लागे. म्हणून कॅमेरा तिपाईवर किंवा एखाद्या आधारावर ठेवावा लागे व माणसे आपोआप स्थिर होतील असा क्षण हेरावा लागे : ऐकणारा मान कलती ठेवून थांबतो, बोलणारा वाक्याच्या शेवटी थांबतो. प्रत्येक चित्रासाठी नवी काचपट्टी भरावी लागे, त्यामुळे गोळीबारासारखे एकामागून एक चित्र काढून त्यांतले बरे निवडण्याची सोय नव्हती. १० सेंमी. केंद्रांतराच्या भिंगाने एफ/२ वर तीन मी. अंतरावरील माणूस टिपताना जेमतेम वीतभर खोलीतील वस्तूच रेखीव येतात. अंतर अंदाजाने ठरविणाऱ्या माणसाला ही चूक करण्यास फार थोडी जागा होती. नाट्सी सत्तेवर आल्यावर ज्यू असलेले झालोमोन हॉलंडमध्ये गेले. जर्मनांनी तो देश व्यापल्यावर ते पकडले गेले आणि १९४४ मध्ये आउश्व्हिट्स येथे मारले गेले. त्यांची पत्नी व धाकटा मुलगा हेही वाचले नाहीत. ज्या राज्यकर्त्यांना त्यांनी बेसावध टिपले होते, त्यांच्या वाटाघाटींचे काय झाले हे त्यांच्या कुटुंबाच्या अंतावरूनच दिसते.

एर्नेमान कारखाना १९२६ मध्ये झाइस आयकॉन या उद्योगात विलीन झाला. बेर्टेले यांनी ३५ मिमी. फिल्मच्या ‘कॉन्टॅक्स’ कॅमेऱ्यासाठी १९३२ मध्ये ‘झोनार’ भिंगे आखली, ५ सेंमी. केंद्रांतराची ही भिंगे एफ/२ व एफ/१·५ होती. त्यांची युक्ती समजण्यास परावर्तनाचा विचार करावा लागतो. काच व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर चार ते पाच टक्के प्रकाश परत फिरतो. तो वाया तर जातोच, शिवाय भिंगात इकडेतिकडे आपटत फिल्मवर धुक्यासारखा पसरतो. रात्रीच्या चित्रात जेथे एखादा दिवा चौकटीतच असतो, तेथे हे धुके सावल्या गिळून टाकते. एफ/१·५ झोनारमध्ये सात काचा होत्या, परंतु त्या तीन गटांत चिकटविल्यामुळे हवेला लागणारे पृष्ठभाग केवळ सहा राहिले. याउलट १८९६ मधील पाउल रूडोल्फ यांच्या ‘प्लानार’ भिंगापासून चालत आलेल्या, मध्यछिद्राच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ सारख्या काचा मांडणाऱ्या द्विगाउस रचनेत विपथने अधिक चांगली आवरत, पण पृष्ठभाग आठ-दहा होत. १९३६ मध्ये लायका कॅमेऱ्यासाठी निघालेल्या एफ/१·५ ‘झेनॉन’ भिंगात ते दहा होते, त्यातून सु. दोन-तृतीयांश प्रकाशच पार जाई. कागदावर दोन्ही भिंगांचा एफ-अंक सारखाच होता; फिल्मवर नव्हता.

हा वाद मिटविला तो लेपनाने. जुन्या, डागाळलेल्या काचेतून नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश जातो, हे इंग्लंडमधील डेनिस टेलर यांच्या १८९२ मध्येच ध्यानात आले होते. १९३५ मध्ये झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वातात काचेवर अतिशय पातळ पारदर्शक थर बसविण्याची पद्धत शोधली. थराच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या तरंगांनी परस्परांना नष्ट करावे हे तिचे तत्त्व होय. युद्धकाळात ही विद्या लष्करी उपकरणांपुरतीच राखलेली होती. युद्धानंतर ती सर्वत्र पसरली व द्विगाउस रचनेची मुख्य उणीव दूर झाली. झोनारची शेवटची काच फिल्मच्या फार जवळ येते, त्यामुळे आरसा असणाऱ्या एकभिंगी प्रतिक्षेपी कॅमेऱ्यांत ती बसेना. या दोन कारणांनी १९५० नंतर ५० मिमी. ची बहुतेक द्रुत भिंगे द्विगाउस कुळातील झाली. तरीही झोनारचा वंश पसरला. कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएट संघाने कीव्हला नेली व तेथील कॅमेऱ्यांवर ‘युपिटर’ नावाने तीच रचना पुढे चालू राहिली. जपानमध्ये निक्कॉर भिंगांनी ती उचलली. १९५० मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाचे डेव्हिड डग्लस डंकन यांनी टोकिओत ८५ मिमी. एफ/२ निक्कॉरने काढलेले स्वतःचे चित्र पाहिले, आणि नंतर कोरियन युद्धाची चित्रे त्याच भिंगांनी काढली. जपानी भिंगांचा पश्चिमेतील लौकिक तेथून सुरू झाला.

भारतात फ्लॅश नाकारण्याचा सर्वांत ठाम आग्रह एका छायाचित्रकाराने नव्हे, तर छायाचित्राच्या विषयाने धरला. वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात कनू गांधी (१९१७–८६) हे गांधीजींच्या नात्यातील पुतण्याचे पुत्र १९३८ पासून त्यांची छायाचित्रे घेऊ लागले. गांधीजींनी तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, बसण्या-उभे राहण्याबद्दल सूचना करायची नाही व आश्रमाकडून खर्च मागायचा नाही. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलीफ्लेक्स कॅमेरा व फिल्म घेतली. या जातीच्या कॅमेऱ्यांची भिंगे साधारणतः एफ/३·५ च्या आसपास असत; म्हणजे झालोमोनच्या भिंगाच्या एक-तृतीयांश तेजस्वी. झोपडीच्या दारातून व खिडकीतून येणाऱ्या उजेडावर त्यांना भागवावे लागले. हलणारे हात, अंधारलेले कोपरे व एका बाजूने उजळलेले चेहरे या मर्यादेतून आले आणि त्यांतच सेवाग्रामचा खरा उजेड राहिला. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री दिल्लीच्या बिर्ला भवनाच्या फाटकावर गांधीजींच्या निधनाची वार्ता सांगणारे जवाहरलाल नेहरू आंरी कार्त्ये-ब्रेसाँ यांनी फ्लॅशवाचून टिपले. चित्र रेखीव नाही. दिव्याचा पुंजका व गर्दीतला एक उजळ चेहरा एवढेच त्यात स्पष्ट आहे. त्याच घरात मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी फ्लॅश उडविल्यावर शोकाकुल मंडळी संतापली व त्यांची फिल्म निरुपयोगी करण्यात आली.

भिंगाच्या निवडीत छिद्राचा आकडा हा एकच निकष मानण्याची चूक पूर्वीपासून होत आली आहे. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा कंप केंद्रांतराबरोबर वाढतो, ३५ मिमी. फिल्मवर ५० मिमी. भिंगास १/५० सेकंद, तर ३५ मिमी. भिंगास १/३५ सेकंद चालतो, असा अनुभवाचा नियम आहे. तीन मी. अंतरावर ५० मिमी. भिंगाने एफ/१·४ वर सु. ३० सेंमी. खोली रेखीव येते, ३५ मिमी. भिंगाने एफ/२ वर ती सु. ८८ सेंमी. येते. म्हणून माणसांचा घोळका टिपणाऱ्यास दुसरे भिंग आकड्याने मंद असूनही बहुधा अधिक उपयोगी पडते, तर रंगमंचावरील एकट्या नटासाठी ८५ मिमी. एफ/१·८ किंवा एफ/२ योग्य ठरते. विषय स्वतःच हलत असेल तर मात्र कंपाचा हा हिशेब लागू पडत नाही. तेथे मोठ्या छिद्राला पर्याय नाही. शिवाय अनेक द्रुत भिंगे पूर्ण उघडी असता मऊ प्रतिमा देतात व एक-दोन टप्पे मिटविल्यावरच खुलतात. अशा भिंगासाठी मोजलेली जादा किंमत व वजन व्यर्थ जाते.

मोठ्या छिद्राची चढाओढ १९५३ नंतर जपानमध्ये विशेष रंगली. झुनो कंपनीच्या एफ/१·१ नंतर १९६१ मध्ये कॅननने ५० मिमी. एफ/०·९५ भिंग आणले. ते तेजस्वी होते, पण त्याची प्रतिमा फिकी होती. लाइत्स कंपनीने १९६६ मध्ये एफ/१·२ ‘नॉक्टिलक्स’मध्ये गोलाकार नसलेले पृष्ठभाग वापरले आणि १९७६ मध्ये केवळ गोलीय काचांनी एफ/१ साधले. निकॉनच्या १९७७ मधील ५८ मिमी. एफ/१·२ ‘नॉक्ट’ भिंगाचा उद्देश आकडा गाठणे हा नव्हता. रात्रीच्या चित्रात कडेचे दिवे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे दिसतात, तो दोष घालविण्यासाठी त्याचा एक पृष्ठभाग हाताने घासून अगोलीय केलेला असे. आकड्याची परिसीमा झाइसने १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी बनविलेल्या ५० मिमी. एफ/०·७ प्लानारमध्ये दिसते. अशी दहा भिंगे बनली. त्यांतील तीन चित्रपट दिग्दर्शक स्टॅन्ली कूब्रिक यांनी घेतली व ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातील काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. त्यासाठी कॅमेऱ्याचा पुढील भाग कापून बदलावा लागला, आणि रेखीव खोली इतकी थोडी होती की नटांना जवळजवळ जागचे हलता येत नव्हते.

अंकीय कॅमेऱ्यांच्या संवेदकांची क्षमता विसाव्या शतकातील जलद फिल्मच्या अनेक पटींनी वाढली असून कंप आवरणारी यंत्रणाही आता सामान्य आहे. एकेकाळी एफ/१·४ लागे तेथे आज एफ/२·८ चे बदलत्या केंद्रांतराचे भिंग पुरते. तरीही निकॉनने २०१९ मध्ये ५८ मिमी. एफ/०·९५ भिंग काढले. त्यात सतरा काचा असून वजन सु. दोन किग्रॅ. आहे, बेर्टेले यांच्या एफ/१·५ झोनारमध्ये सात काचा होत्या आणि ते कोटाच्या खिशात मावत असे.