बयाना, वारस आणि आमचं दिल्लीतलं घर

दिल्लीतल्या बऱ्याच मराठी कुटुंबांप्रमाणे आमच्याही घराचा इतिहास सरकारी क्वार्टरपासून सुरू होतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं बालपण सरोजिनीनगरात गेलं. निवृत्ती जवळ आली की क्वार्टरमधल्या प्रत्येक घरात एकच विषय असे: गावी परतायचं की इथेच घर करायचं? आम्ही भावंडं इथेच शिकलेली, म्हणून बाबांनी इथेच राहायचं ठरवलं. ही गोष्ट १९८८ ची.

त्या काळी दिल्लीत घर घेण्याची रीत आजच्या पिढीला चमत्कारिक वाटेल. १९५७ साली स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे आपल्या डीडीएने, हजारो फ्लॅट बांधले, पण ते भाडेपट्ट्याने दिले. फ्लॅट विकायचा तर डीडीएची परवानगी हवी आणि वाढलेल्या किमतीतला वाटाही द्यावा लागे. लोकांनी यातून वाट काढली. खरेदीखताऐवजी कागदांचा एक संचच तयार होई: विक्रीचा करार, पैशांची पावती, ताबापत्र, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र.

घर विकत घेताना मृत्युपत्र कशाला, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. उत्तर १८७२ च्या करार कायद्यात आहे. मुखत्यारपत्र देणारा वारला की मुखत्याराचा अधिकार सर्वसाधारणपणे संपतो. तेव्हा विकणारा मध्येच गेला तर घर खरेदीदाराला मिळावं म्हणून तो मृत्युपत्रच त्याच्या नावे करून देई. अर्थात मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं आणि वारस त्याला आव्हानही देऊ शकतात. तरीही या संचावर दिल्लीतली असंख्य घरं हातोहात फिरली.

बाबांनी पश्चिम दिल्लीतला एक फ्लॅट पसंत केला. मालक वयस्कर सरदारजी, १९४७ साली लायलपूरहून निर्वासित म्हणून आलेले. डिसेंबरात बयाना दिला, म्हणजे आपल्या भाषेत इसार. उरलेली रक्कम मार्चमध्ये द्यायची आणि त्याच दिवशी सगळ्या कागदांवर सह्या व्हायच्या, असं ठरलं. फेब्रुवारीत सरदारजी हृदयविकाराने गेले. मुखत्यारपत्र नाही, मृत्युपत्र नाही. आमच्या हाती होती फक्त बयान्याची चिठ्ठी.

आईबाबा गुरुद्वाऱ्यात भोगाला जाऊन आले. तिथे घराचा विषय काढला नाही. महिन्याभराने थोरला मुलगा म्हणाला, "अंकलजी, बयाना वापस ले लो. अब रेट बढ़ गए हैं." बाबांच्या निवृत्तीला तेव्हा चौदा महिने उरले होते.

शेजारच्या क्वार्टरमध्ये कायदा मंत्रालयात नोकरीला असलेले एक काका राहत. त्यांनी बाबांना दोन गोष्टी समजावल्या. पहिली धीराची: माणूस गेला म्हणून व्यवहार मरत नाही. करार कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे मृताचं वचन त्याच्या वारसांवर बंधनकारक असतं, करारातच वेगळं काही ठरलेलं नसेल तर. दुसरी सावध करणारी: १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने घरावर कसलाही हक्क निर्माण होत नाही. घर आता वारसांचं झालं होतं. शीखांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सरदारजींची पत्नी, दोन मुलगे आणि लुधियानाला दिलेली मुलगी असे चौघे समान हिस्सेदार होते.

ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा लावता आला असता. पण कोर्टातला दावा किती वर्षं चालेल कोण जाणे, आणि क्वार्टर तर वेळेवर सोडावं लागणार. शेवटी बीजींनी, म्हणजे सरदारजींच्या पत्नीने, मुलांना समजावलं. किंमत थोडी वाढवून द्यायची ठरली. त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या.

मुलांचं म्हणणं होतं, बहिणीला कशाला मध्ये आणायचं? आम्ही तिघं सही करतो. बाबांनाही घाई होती, पण काका ठाम राहिले. बाबा रेल्वेने लुधियानाला गेले. त्या बाईंनी कागद वाचले आणि विचारलं, "भाईसाहब, सौदा कितने में हुआ है?" भावांनी तिला आकडा सांगितलाच नव्हता. बाबा क्षणभर थांबले. खरं सांगितलं तर भाऊ बिथरतील आणि घर हातचं जाईल, ही भीती होती. त्यांनी आकडा सांगितला. उरलेल्या रकमेतल्या आपल्या हिश्शाचा वेगळा ड्राफ्ट मिळावा, एवढ्या अटीवर तिने सही दिली. थोरला भाऊ पुढे कित्येक महिने आमच्याशी बोलला नाही, पण त्यानेही सही केली. आधी घर चौघांच्या नावावर झालं आणि मग तो सगळा संच आमच्याकडे आला.

१९९२ मध्ये भाडेपट्ट्याची घरं फ्रीहोल्ड करण्याची योजना आली. मुखत्यारपत्रावर घर घेतलेल्यांनाही एक तृतीयांश अधिभार भरून तिचा लाभ घेता आला. फाइलमध्ये सगळ्या वारसांच्या सह्या असल्यामुळे आमचं काम अडलं नाही. पुढे ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लँप प्रकरणात निकाल दिला: मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांच्या संचाने मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवं. तेव्हा ओळखीतली कितीतरी मंडळी जुने कागद घेऊन धावपळ करताना पाहिली. २०१९ च्या कायद्याने दिल्लीतल्या अनधिकृत वसाहतींमधल्या रहिवाशांसाठी मात्र अशाच कागदांना मान्यता मिळाली.

नव्याने घर घेणाऱ्या तरुण मंडळींना या अनुभवावरून एवढंच सांगावंसं वाटतं. इसार देताना करार लेखी करा, त्याची नोंदणी करा, आणि व्यवहार विकणाऱ्याच्या वारसांवरही बंधनकारक राहील असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. विकणाऱ्याच्या घरी कोण कोण आहे, हे विचारायला संकोच करू नका. आणि दुर्दैवाने तो मध्येच गेला, तर लेकींना धरून सगळे वारस मोजा.

बाबा आज नाहीत. ती फाइल माझ्याकडे आहे. तीन सह्या इंग्रजीत आहेत. चौथी, लुधियानाची, गुरुमुखीत.