फ्लॅश आणि कॅमेरा यांच्यामधली तार

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने फ्लॅशगनच्या पोटातल्या तारांवर बोलावं, हे जरा चमत्कारिक आहे. पण त्याला कारण आहे. ‘दोन घटना एकाच वेळी घडल्या’ या वाक्याचा अर्थ काय, हा आमच्या विषयातला जुना आणि चिवट प्रश्न. पोआंकारे या गणितज्ञाने १८९८ साली त्यावर निबंध लिहिला, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तर सगळा पायाच हलवला. दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या असं म्हणायचं, तर त्यांच्यामध्ये काहीतरी निरोप जायला हवा, आणि त्या निरोपालाही वेळ लागतो. हे आम्ही फळ्यावर शिकवतो. फोटोग्राफर लोकांनी हाच प्रश्न आपल्या गरजेपुरता, पक्कड आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन सोडवला. ती गोष्ट आज सांगायची आहे.

आधी अडचण नीट समजून घेऊ. कॅमेऱ्याचं शटर उघडतं ते सेकंदाच्या शंभराव्या वगैरे भागापुरतं. फ्लॅशचा उजेड त्याहूनही अल्पायुषी. दोघांची गाठ पडली तर फोटो, नाही पडली तर काळोख. ही गाठ घालून देणारा जो विजेचा निरोप, त्याला ‘सिंक’ म्हणतात. तो निरोप ज्या तारेने जातो ती खोचायची जागा कॅमेऱ्याला किंवा फ्लॅशला आहे की नाही, हे वरवर क्षुल्लक वाटतं. पण ती जागा कधी कंपन्यांनी दिली, कधी काढून घेतली, आणि जेव्हा काढून घेतली तेव्हा लोकांनी फ्लॅश उघडून ती स्वतः करून घेतली.

अगदी सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १८८७ साली जर्मनीत गेडिके आणि मीथे या दोघांनी मॅग्नेशियमची भुकटी पोटॅशियम क्लोरेटमध्ये मिसळून उजेडाची दारू तयार केली. वापरायची कशी? कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा, अंधारात भिंगाचं झाकण काढायचं, दारू पेटवायची, झाकण परत लावायचं. घाई कसलीच नाही. अंधार होता म्हणून चालत होतं, एवढंच. जेकब रीस या वार्ताहराने न्यूयॉर्कच्या गलिच्छ चाळींमधले लोक याच दारूने जगाला दाखवले. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं. दारू पेटवायला तो आधी पिस्तूल वापरायचा. मध्यरात्री अनोळखी माणूस खोलीत घुसून बार काढतो म्हटल्यावर लोक खिडक्यांतून पळायचे, मग त्याने चक्क तळणीचा तवा वापरायला सुरुवात केली. दोनदा तर घराला आगही लावली या गृहस्थाने.

खरी अडचण आली ती फ्लॅशच्या बल्बने. १९२९ मध्ये जर्मनीत आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत हे बल्ब बाजारात आले. काचेच्या आत धातूचा पातळ कागद, आत ऑक्सिजन. वीज दिली की एकदाच पेटायचा आणि संपायचा. धूर नाही, आग नाही. आता फोटोग्राफर कॅमेरा हातात घेऊन हिंडू शकत होता, चालत्या माणसाचा फोटो घेऊ शकत होता. पण त्यासाठी शटर जलद हवं, आणि इथेच घोळ झाला. बल्बला वीज मिळाल्यापासून तो पूर्ण तेजाने पेटेपर्यंत साधारण २० मिलिसेकंद लागतात. शटर शंभराव्या भागावर ठेवलं असेल तर ते १० मिलिसेकंदांत उघडून मिटूनही जातं. म्हणजे बटण दाबताक्षणी दोघांना एकदम निरोप दिला, तर पाहुणा दारात यायच्या आत दार बंद! निरोप एकाच वेळी देऊन भागत नाही, एकाला जरा आधी द्यावा लागतो.

अमेरिकेतल्या वृत्तपत्र छायाचित्रकारांनी यावर सोलेनॉइडचा तोडगा वापरला. त्यांच्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याच्या बाजूला बॅटऱ्यांनी भरलेली धातूची लांब मूठ असायची. तिची वीज बल्बला जायची आणि त्याच वेळी भिंगापाशी बसवलेल्या एका विद्युतचुंबकाला. तो शटरची कळ ओढायचा. त्या ओढण्यात जो उशीर व्हायचा, तोच बल्बच्या उशिराएवढा जुळवून घ्यायचा. किती सुंदर आहे बघा, एका उशिराला दुसऱ्या उशिराने तोललं. (ही मूठ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात ल्यूकच्या हातात जी प्रकाशाची तलवार आहे, तिची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्सची फ्लॅशगन.)

त्याच सुमारास ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने आपल्या एक्झाक्टा कॅमेऱ्यात फ्लॅशची तार खोचायची जागा कारखान्यातच करून दिली. १९३६ च्या किने एक्झाक्टावर ती दिसते. पण ज्यांच्याकडे आधीचे कॅमेरे होते त्यांचं काय? महागाची वस्तू, टाकून थोडीच देणार. मग दुरुस्ती करणारे कारागीर शटर उघडून आत एक बारीक स्पर्शपट्टी बसवायचे, बाहेर दोन तारा काढायचे. आणि हे काम चोरून चाललेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. १९५० मध्ये लायकाचं ‘थ्री एफ’ मॉडेल सिंकसह आलं, तेव्हा जुने लायका परत घेऊन त्यांच्यात सिंक बसवून द्यायचं काम खुद्द लाइट्झ कंपनी करत होती. विकलेली वस्तू पुढेही वाढू शकते, हे बनवणाऱ्याला मान्य होतं.

पन्नाशीच्या दशकात तारेच्या टोकाचा आकारही ठरला. म्युनिकच्या डेकेल कंपनीचं काँपूर शटर आणि काल्मबाखच्या गाउथियर कंपनीचं प्रोंटोर, हे तेव्हाचे दोन मोठे शटर, आणि दोन्ही कंपन्यांत झाइसचा वाटा. त्यांनी एकच छोटं गोल सॉकेट स्वीकारलं. प्रोंटोरचा ‘पी’ आणि काँपूरचा ‘सी’, म्हणून ते पीसी सॉकेट. संगणकाशी त्याचा काही संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. कॅमेऱ्यावर ‘एम’ आणि ‘एक्स’ अशी दोन अक्षरं यायला लागली. ‘एम’वर ठेवलं की शटर बल्बसाठी थांबायचं, ‘एक्स’वर ठेवलं की थांबायचं नाही, कारण ते इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी होतं. एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनने तीसच्या दशकात जे तंत्र विकसित केलं, त्यात काचेच्या नळीतल्या वायूतून एकदम वीज सोडली की उजेड पडतो. त्याला पेटायला वेळ लागत नाही, तो वायूतच झळकतो.

हे पीसी सॉकेट दिसायला नेटकं, पण पकड भारी ढिली. तार निसटायची ती नेमकी अंतरपाट दूर होताना! म्हणून ‘हॉट शू’ आला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश अडकवायची जी खाच असते, तिच्यातच विजेचा स्पर्शबिंदू. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या युनिव्हेक्स मर्क्युरी कॅमेऱ्यात हे आलं होतं, पण रुळलं ते साठ-सत्तरच्या दशकात. फ्लॅश सरकवला की झालं, तार संपली.

पण तारेबरोबर आणखी एक गोष्ट गेली. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसला की उजेड बघणाऱ्याच्याच कपाळातून निघतो. चेहरा सपाट, डोळे लाल, मागे भिंतीवर काळी सावली चिकटलेली. आपल्या जुन्या लग्नांच्या अल्बममध्ये असे चेहरे शेकड्याने सापडतील. मात्र जो फोटोग्राफर बरोबर एक पोऱ्या घेऊन यायचा आणि त्याच्या हातात दुसरा फ्लॅश देऊन त्याला बाजूला उभा करायचा, त्याच्या फोटोत नवरीच्या नथीला आकार यायचा, शालूची जर उठून दिसायची. उजेड कुठून यावा हे ठरवण्याचा हक्क म्हणजे अर्धी फोटोग्राफी. तो हक्क त्या तारेत होता.

आता एकदम पुढे येऊ, २००० नंतरच्या दशकात. डिजिटल कॅमेरे आले, फोटो तिथल्या तिथे दिसायला लागला, त्यामुळे फ्लॅश दूर ठेवून प्रयोग करणं फुकटात शिकता येऊ लागलं. २००६ मध्ये बाल्टिमोरच्या ‘सन’ वृत्तपत्राचे छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी ‘स्ट्रोबिस्ट’ या नावाने हेच इंटरनेटवर शिकवायला सुरुवात केली. स्टुडिओतले जडशीळ दिवे नकोत, हातात मावणारा छोटा फ्लॅश स्टँडवर लावा, छत्री लावा, तार जोडा. जगभरातल्या हौशी लोकांनी ते उचललं. आणि मग लोकांच्या लक्षात आलं की आपल्या फ्लॅशला तार जोडायला जागाच नाही! निकॉनच्या महागड्या एसबी-८०० ला पीसी सॉकेट होतं, त्याच्या धाकट्या भावाला, एसबी-६०० ला नव्हतं. कॅननच्या ४३०ईएक्सलाही नव्हतं. दोन तारा आणि एक सॉकेट, याला खर्च तो किती येणार? माझं मत विचाराल तर हा खर्चाचा प्रश्न नव्हता. पंगतीत वरच्या आणि खालच्या पाटांमध्ये अंतर ठेवावं लागतं, तसं ते ठेवलेलं अंतर होतं.

लोकांनी स्क्रूड्रायव्हर उचलले. करायचं काम खरं तर छोटं आहे. फ्लॅशच्या पायाला मध्यभागी जो स्पर्शबिंदू असतो, तिथून एक तार आत जाते. पायाच्या कडेच्या धातूकडून दुसरी, जमिनीची. ही दोन टोकं जोडली की फ्लॅश पेटतो. तेवढंच काम कॅमेरा करत असतो. तेव्हा फ्लॅश उघडायचा, या दोन तारांना आणखी दोन तारा सोल्डर करायच्या, प्लास्टिकच्या कवचात जिथे आत मोकळी जागा आहे तिथे ड्रिलने भोक पाडायचं आणि एक छोटं सॉकेट बसवायचं. मधली तार सॉकेटच्या टोकाला, जमिनीची बाहेरच्या नळीला.

मात्र इथे मी थांबतो आणि आवाज चढवतो. फ्लॅशच्या आत जो मोठा कपॅसिटर असतो, त्यात सुमारे ३०० व्होल्टचा विद्युतभार साठलेला असतो आणि बॅटऱ्या काढल्या तरी तो जात नाही. वापरात नसलेला फ्लॅश म्हणजे मेलेला फ्लॅश, असं समजू नका. जाणते लोक शेवटचा उजेड पाडून लगेच फ्लॅश बंद करतात, बॅटऱ्या काढून एखादा दिवस तसाच ठेवतात, आणि उघडल्यावर काही हजार ओहमचा जाडसर रेझिस्टर लावून उरलेला भार उतरवतात. मग मीटरने मोजतात. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची, हा शौर्याचा प्रकार आहे, शहाणपणाचा नव्हे. इलेक्ट्रॉनिक्सचं काम हाताखालून गेलेलं नसेल तर जवळच्या कारागिराकडे जा.

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. लोकांनी सॉकेट बसवलं, पण कुठलं? अधिकृत, आंतरराष्ट्रीय मानक असलेलं पीसी बसवता आलं असतं. त्यांनी बहुतेक ठिकाणी ते टाळलं आणि हेडफोनचं साडेतीन मिलिमीटरचं मोनो सॉकेट घेतलं. ते घट्ट बसतं, स्वस्त आहे, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मूठभर विकत मिळतं. कुठल्या समितीने हा ठराव केला नाही. पण काही वर्षांतच लुमोप्रो नावाचे फ्लॅश अमेरिकेत विक्रीला आले, त्यांना कारखान्यातूनच हेडफोनसारखं सॉकेट होतं. घरोघरी ड्रिलने पाडलेलं भोक साच्यात ओतलं गेलं.

जिल्बेर सिमोंदाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने मुक्त वस्तू आणि बंदिस्त वस्तू असा भेद केला होता. बंदिस्त वस्तू कारखान्याबाहेर पडताक्षणी झिजायला लागते. मुक्त वस्तू वापरणाऱ्याच्या हातात आणखी घडत राहते. वर्गात याला उदाहरण काय द्यावं, असा मला प्रश्न पडायचा. हा घ्या ना एसबी-६००! आणि तंत्रज्ञानाचे इतिहास आपण पेटंटांवरून लिहितो. बल्बचं पेटंट सापडतं, शटरचं सापडतं. या भोकाचं पेटंट कुठून सापडणार? ज्यांनी ते पाडलं त्यांच्यापाशी फुटलेलं वॉरंटीचं सील तेवढं उरलं.

उलट दिशेचाही एक धोका सांगून ठेवतो. जुन्या काळच्या काही फ्लॅशच्या सिंकच्या टोकांवर २०० व्होल्टहून जास्त दाब असतो. जुन्या कॅमेऱ्यात धातूच्या दोन पट्ट्या नुसत्या एकमेकींना टेकायच्या, त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. आजच्या कॅमेऱ्यात तिथे नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आहे. आंतरराष्ट्रीय मानकाने २४ व्होल्टची मर्यादा घातली आहे, आणि काही कॅमेऱ्यांना तेवढंही सोसत नाही. तेव्हा आजोबांचा फ्लॅश नातवाच्या कॅमेऱ्याला जोडण्याआधी मीटर लावा.

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पुन्हा बदललं. फ्लॅशच्या आतच रेडिओ आला. तार नको, सॉकेट नको, शंभर फुटांवरून निरोप जातो. सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. पण प्रत्येक कंपनीचा रेडिओ आपापली भाषा बोलतो. एकाचा ट्रिगर दुसऱ्याच्या फ्लॅशला सहसा चालत नाही, आणि ती भाषा छापून कोणी देत नाही. दोन तारा टेकवणं कोणालाही कळत होतं. या नव्या निरोपाला भोक कुठे पाडायचं, ते शोधणारे लोक आता सोल्डरिंग आयर्नऐवजी संगणक घेऊन बसले आहेत, आणि काहींना थोडंफार यशही मिळतं आहे.

बरं, दहा मिनिटं उरली आहेत. ज्यांनी आपले फ्लॅश बरोबर आणले आहेत त्यांनी पुढे यावं. मीटर माझ्याकडे आहे.