नर्मदाकाठच्या जीवनशाळा

सातपुडा ओलांडून नर्मदेकडे उतरले की चिमलखेडी, निमगव्हाण ही आदिवासी गावे लागतात. सरकारी शाळा तिकडे बहुधा कागदावरच. मास्तर क्वचित फिरकायचे. तेव्हा १९९१-९२च्या सुमारास नर्मदा बचाव आंदोलनातल्या या गावांनी आपल्याच शाळा काढल्या. (जिल्हा त्या वेळी धुळे, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ला.) लाकूड-बांबू गावाचा, देखरेखही गावाचीच. गुरुजी बहुधा त्यांच्यातलेच, म्हणून पहिली ओळख पावरी-भिलोरी बोलीत. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. पुढे सरदार सरोवराचे पाणी चढत गेले, तशी निमगव्हाणची शाळाही उचलून वर न्यावी लागली. वर्ग मात्र चौथीपर्यंतच. पुढे शिकायचे तर पोराला घर सोडून आश्रमशाळा गाठावी लागे, आणि तिथली भाषा पुस्तकी मराठी.