शेवाळातली फिरती जनुकं

पार्सिपनीच्या आसपास राहत असाल, तर होपॅटकाँग तलाव तुम्हाला माहीत असेलच. न्यू जर्सीतला सगळ्यात मोठा. 2019 च्या उन्हाळ्यात तिथे नीलहरित शेवाळ इतकं माजलं, की पाण्यात उतरू नका असा सरकारी इशारा निघाला. आपण शेवाळ म्हणतो, पण हे खरं तर जिवाणू आहेत: सायनोबॅक्टेरिया. आणि त्यांच्या डीएनएचे काही तुकडे एका जागी स्वस्थ बसत नाहीत.

असे तुकडे आधी सापडले ते मक्यात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1951 मध्ये लाँग आयलंडवरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला हे मांडलं, तेव्हा फारसं कुणाला पटलं नाही. नोबेल मिळालं 1983 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी.

दोनच वर्षांनी गोल्डन, रॉबिन्सन आणि हॅसेलकॉर्न यांनी अ‍ॅनाबिना या सायनोबॅक्टेरियातली गंमत दाखवली. त्याच्या पेशी माळेसारख्या जोडलेल्या असतात. नायट्रोजन कमी पडला, की साधारण दर दहावी पेशी हवेतला नायट्रोजन पकडायचं काम अंगावर घेते. पण त्यासाठी लागणाऱ्या एका जनुकाच्या मधोमध सुमारे 11,000 अक्षरांचा तुकडा घुसून बसलेला असतो. पेशी बदलताना तो नेमका कापला जातो, जनुक सांधलं जातं. कापणाऱ्या विकराची कृतीसुद्धा त्याच तुकड्यात! ती पेशी पुढे कधीच विभागत नाही. तुकडा टिकतो तो शेजारच्या साध्या पेशींमध्ये.

मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्री कुमार आपटे यांनी अनेक वर्षं अ‍ॅनाबिनावर काम केलं. आपल्याकडे हा भाताचा प्रश्न: खाचरातला नायट्रोजन हे जिवाणू भरतात, हे पी. के. डे यांनी 1939 मध्येच दाखवलं होतं. म्हणजे तिकडे जे खत, ते इकडे तलावाचं दुखणं.

आता विषाचं. 2008 मध्ये राइनर कुरमायर आणि सहकाऱ्यांनी प्लँक्टोथ्रिक्स हा दुसरा सायनोबॅक्टेरिया तपासला. त्याच्या बिनविषारी वाणांत विष बनवणारी जनुकं बहुतेक सगळी गायब होती, आणि त्यामागे होता एक फिरता तुकडा. विषारी आणि बिनविषारी वाण दिसायला मात्र सारखेच.

म्हणून पाण्याच्या रंगावरून अंदाज बांधू नका. काठावर इशाऱ्याची पाटी असेल तर मुलांना सोडाच, कुत्र्यालाही पाण्यात जाऊ देऊ नका. विष आहे की नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं.