हायब्रेडच्या मुलखातला कृषिभूषण

पुसद तालुक्यात कृषी सहायक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. 'वसंतराव नाईक कृषिभूषण' या राज्य शासनाच्या शेती-पुरस्काराचे प्रस्ताव तयार करायला मी शेतकऱ्यांना मदत करायचो. सातबारा, पिकांचे फोटो, पेपरातली कात्रणं. फाईल जाड, शेतकरी मात्र बहुधा किडकिडीत.

ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार, ते नाईकसाहेब इथल्याच गहुलीचे. जन्म १ जुलै १९१३. पुसदला वकिली केली, १९५२ साली आमदार झाले आणि १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री राहिले. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं १९६५ साली ते शनिवारवाड्यासमोर बोलून बसले. भरवसा होता संकरित, म्हणजे हायब्रेड, बियाण्यावर. सीएसएच-१ ही ज्वारी आदल्याच वर्षी आली होती. देशी ज्वारी माणसाहून उंच, पाच महिने रान अडवणारी. ही ठेंगणी, शंभरेक दिवसांत हाती येणारी. उतारा भरघोस. पण पावसातच तयार व्हायची म्हणून दाणा काळा पडायचा, खोडमाशी लागायची, कडबाही थोडा. हायब्रेडच्या भाकरीला आमची आजी तोंड वाकडं करायची, पण खायची.

गंमत अशी, की शासन 'वसंतराव नाईक कृषिभूषण' देतं आणि सेंद्रिय शेतीचा कृषिभूषण वेगळा देतं. एकाच मंचावर संकरित-रासायनिक आणि सेंद्रिय, दोन्ही पंथ! आमच्या जिल्ह्यातही तसंच. १९९४ पासून रासायनिक खतं-औषधं सोडून दिलेले यवतमाळचे सुभाष शर्मा २०२५ साली पद्मश्रीचे मानकरी ठरले. मला यात विसंगती दिसत नाही. नाईकसाहेबांच्या काळी प्रश्न पोटाचा होता, आता जमिनीचा आहे.

विज्ञानाचे पुरस्कार पुष्कळ आहेत. पण कृषिभूषण शेतकऱ्याची प्रयोगशाळा म्हणजे त्याचं शेत, स्वतःच्या मालकीचं, खर्च स्वतःच्या खिशातला, आणि प्रयोग फसला तर सावकार दारात. शिवाय शेतकऱ्याचा सत्कार पत्नीसह, जोडीनं होतो, हे मला फार आवडतं. सातबारावर नाव नसलेली बाईही तिथे मंचावर असते.

खटकतं ते एकच. पुरस्कार वार्षिक, पण २०१७, २०१८ आणि २०१९ चे पुरस्कार नाशकात एकदमच वाटले गेले, तेही २०२२ मध्ये. शेतकऱ्याला पेरणीची तारीख चुकवून चालत नाही. १ जुलै हा नाईकसाहेबांचा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतोच. दर वर्षी त्याच दिवशी हे पुरस्कार द्यावेत, एवढीच शासनाला विनंती.