नोंद बदलते, तेव्हा जुनी नोंद जाते कुठे?

१/ संकेतस्थळावरील अर्जात नवा पत्ता लिहून कळ दाबली, की दूरच्या संगणकातील एक नोंद क्षणार्धात बदलते. या साध्या कृतीमागे पंचवीस वर्षांची घडण आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ओळखून असावा असा एक धोकाही.

२/ १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली. एक ओळ म्हणजे एक नोंद. तिची निःसंदिग्ध ओळख म्हणजे तिची ‘की’.

३/ १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी या तक्त्यांसाठी भाषा सादर केली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ झाली. तिच्यातील ‘अपडेट’ ही आज्ञा मूल्य बदलते. कोणत्या ओळीचे, हे ‘व्हेअर’ ही अट ठरवते. अट विसरली, तर तक्त्यातील प्रत्येक ओळ बदलते.

४/ १९९३ मध्ये ‘सीजीआय’ ही पद्धत आली आणि वेबपानावरील अर्जाचा मजकूर सर्व्हरवरील प्रोग्रामपर्यंत पोहोचू लागला. जून १९९५ मध्ये रासमुस लेर्डॉर्फ यांनी ‘पीएचपी’ची साधने सर्वांसाठी खुली केली. नोव्हेंबरमध्ये एचटीएमएल २.० या प्रमाणात अर्जालाही स्थान मिळाले.

५/ तेव्हापासूनचा क्रम असा: ‘की’ धरून नोंद शोधायची, तिची मूल्ये अर्जात भरून दाखवायची, ‘पोस्ट’ने आलेला मजकूर तपासायचा, मग ‘अपडेट’ चालवायचे.

६/ या तपासणीचे मोल लवकरच कळले. अर्जाच्या रकान्यातून मजकुराऐवजी आज्ञाच घुसवता येते, हे १९९८ मध्ये जाहीरपणे लिहिले गेले. प्रमुख उपाय असा: आज्ञा आधी निश्चित करायची आणि मजकूर तिला स्वतंत्रपणे पुरवायचा.

७/ दुसरा धोका मात्र निमूट आहे. ‘अपडेट’ झाल्यावर तक्त्यात जुने मूल्य उरत नाही. महाराष्ट्रातील महसूल दप्तराची रीत निराळी होती. जमिनीचा धारक बदलला, की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेई, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करी आणि सात-बारावरील जुन्या नावाला कंस होई. ते नाव खोडून नाहीसे केले जात नसे.

८/ म्हणूनच फेरफार क्रमांकाच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्यांचे हस्तांतरण आजही उलगडता येते. तक्त्यालाही ही शिस्त लावता येते: बदलापूर्वीचे मूल्य, बदलणारा आणि वेळ वेगळ्या तक्त्यात नोंदवायची. अर्ज बांधणाऱ्याने ती सोय केली नाही, तर उद्याच्या संशोधकाच्या हाती केवळ शेवटचे उत्तर पडेल.